मदत हवी आहे: धान्यातले भुंगे जात नाहीत, कोणतं सुगंधी तेल वापरू?

वैशाली_लातूर: निलगिरीच्या तेलाचा बोळा ठेवला. दोन दिवस बरं वाटलं, आता परत भुंगे. लवंगेचं तेल जास्त चालतं का? किती थेंब घालायचे तेवढं कृपया लगेच सांगा.

शिवारातला: धान्य कोणतं? किती? खायला की बियाण्याला?

सुगरण४०: तांदळाला मी बोरिक पावडर लावते, वर्षभर काही होत नाही.

वैशाली_लातूर: तांदूळ नाही हो, मूग. अख्खा. पिंपात आहे. थेंबांचं सांगा ना कुणीतरी.

प्रयोगवही: ताई, आधी दाणे हातात घेऊन बघा. सालीवर पांढरे ठिपके चिकटलेत का? ती अंडी. अळी तिथूनच सरळ दाण्यात शिरते आणि भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. उन्हाळ्यात हे सगळं साधारण महिन्याभरात होतं. निलगिरीतलं सिनिओल, लवंगेतलं युजेनॉल, गवती चहातलं सिट्राल, या सगळ्यांनी भुंगे मरतात. त्यांची वाफ किड्याच्या श्वासछिद्रांतून आत जाते. पण दाण्याच्या पोटातल्या अळीपर्यंत ती पुरेशी पोचत नाही आणि उडूनही लवकर जाते. थेंब वाढवून उपयोग नाही.

माळावरचा_दादा: वेखंडाची पूड टाका. आमच्या आजोबांपासून चालत आलंय.

प्रयोगवही: दादा, बियाण्याला खुशाल टाका, खायच्या मुगाला नको. वेखंडात बीटा-असारोन असतं, उंदरांवरच्या चाचण्यांत त्याने गाठी झाल्यात.

माळावरचा_दादा: आम्ही खाल्लं, काही झालं नाही.

नवा_सभासद: सेल्फॉसच्या दोन गोळ्या. एका रात्रीत साफ.

शिवारातला: हे कुणी वाचून करू नका!! त्या गोळीतून ओलाव्याने फॉस्फीन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. घरात, माणसं झोपतात तिथे, कदापि नको. कृपया हा प्रतिसाद काढून टाकावा.

मुंबईकर_निशा: निलगिरीचं तेल डासांना चालतं का? बाळ आहे घरात.

वैशाली_लातूर: ठिपके आहेत, बऱ्याच दाण्यांवर. बहुतेक मूग खायचा, थोडा जूनला पेरायचा आहे.

शिवारातला: मग सुगंधी तेल सोडा, एरंडेल घ्या. आधी चाळून, पाखडून, भोकं पडलेले दाणे बाजूला काढा. कडक उन्हात वाळवा, दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. गार झाल्यावर किलोला 5 ते 10 मिली एरंडेल दोन्ही हातांनी चोळा, प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे. अंड्याला हवा मिळत नाही, ते मरतं. पेरायच्या मुगाला 5 मिलीच्या वर नको, उगवणीवर परिणाम होऊ शकतो.

सुगरण४०: कडुलिंबाचं तेल का नाही?

शिवारातला: बियाण्याला चालेल. खायच्या मुगाला कडू वास येतो.

प्रयोगवही: आणि आत्ता दाण्यात असलेल्या अळीचं काय? तिच्यावर एरंडेल फारसं चालणार नाही. खायचा मूग थोडा असेल तर पिशव्या बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. पिंपाचं झाकण कसलं आहे?

वैशाली_लातूर: पत्र्याचं, नुसतं वर ठेवलेलं. मूग चाळीस किलो आहे, फ्रीझर कुठून आणू?

प्रयोगवही: तेवढा मूग असेल तर हवाबंद पिशवीत गच्च भरून तोंड पक्कं बांधा. आतला प्राणवायू किडेच संपवतात. पत्र्याच्या सैल झाकणाखाली कोणतंच तेल टिकणार नाही.

माळावरचा_दादा: राख चाळून मिसळा, फुकटात होतं.