काळ्या मातीतलं घर, मे महिना आणि फुटलेला पाइप: तुमच्याकडे काय झालं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे चौदा माणसं होती. दोघी नणंदा, त्यांची मुलं, चुलत सासरे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मोठा भाचा येऊन म्हणाला, "मामी, संडासातलं पाणी खाली जायचं सोडून वर येतंय." पाठोपाठ नहाणीच्या जाळीतूनही काळं पाणी आलं. धावत जाऊन अंगणातल्या चेंबरचं झाकण उचललं, तर ते ठणठणीत कोरडं. म्हणजे तुंबलं होतं ते घर आणि चेंबर यांच्या मध्ये. ते भरलेलं असतं तर दोष पुढच्या लाइनीत निघाला असता. ही अक्कल मला आत्ता आली, त्या दिवशी फक्त घाम फुटला होता.

आमचं घर जळगावचं, 1979 चं. सासऱ्यांनी प्लॉट घेतला तेव्हा शेजारी कपाशी उभी होती. नळवाले भाऊ आले. बांबूची कामटी सहा फुटांवर अडली, म्हणून खणलं. जुना चिनी मातीचा पाइप जोत्यातून बाहेर पडल्यावर एका वितीवर सुरीने कापावा तसा तुटलेला आणि पुढचा तुकडा दोन बोटं खाली बसलेला. बाजूलाच जमिनीला भेग होती, तिच्यात तीच कामटी हातभर उभी गेली. भाऊ म्हणाले, "वहिनी, पाइपना काय दोस? जमीन बसनी."

तेव्हापासून जो भेटतो त्याची अशीच एक गोष्ट निघते. म्हणून विचारते: तुमच्याकडे काय फुटलं, कुठे फुटलं आणि कोणत्या महिन्यात? महिना नक्की सांगा. मला एक संशय आहे.

धुळे, देवपूर

पावसाळ्यात दार फुगतं हे लहान पोरालाही माहीत असतं. माझं स्वयंपाकघराचं दार मे महिन्यात अडायला लागलं. सुताराने रंधा मारला, पंधरा दिवसांनी पुन्हा अडलं, त्याने पुन्हा मारला. त्याच सुमारास आमच्या सौ. म्हणाल्या, बोळीतली एक शहाबादी फरशी पायाला गार लागते. बाहेर 44 अंश आणि फरशी गार! मी म्हटलं, नशीबवान आहोत.

नशीब कसलं. फरशीखालून 1982 चा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गेलेला, गच्चीवरच्या टाकीतून येणारा. गंजून त्याला बारीक भोकं पडलेली. काळी माती ते पाणी पीत होती आणि फुगत होती. सगळं घर उन्हाळ्याने खाली बसत होतं आणि तेवढीच बोळ वर उचलली जात होती, म्हणून चौकट वाकडी झाली. खात्री अशी केली: रात्री सगळे नळ बंद केले, टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारली. सकाळी पाणी चार बोटं उतरलं होतं.

फरशी फोडली नाही. जुनी लाइन दोन्हीकडून बंद केली आणि सीपीव्हीसीची (प्लास्टिकची) नवी लाइन भिंतीवरून उघडी नेली. दिसायला वाईट आहे, पण गळाली तर दिसेल तरी. जमीन हळूहळू सुकून खाली बसली, चौकट सरळ झाली. आता दोनदा रंधा मारलेल्या दाराच्या फटीतून मांजर जाते.

भुसावळ

एप्रिल. आमच्याकडे नळ रात्री अडीचला आला आणि जोत्यालगतचा सॉकेट सुटला. मेन वॉल, म्हणजे पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह, कुठे आहे ते कुणालाच आठवेना. वडील गेले, त्यांनाच माहीत होतं. सकाळी कळलं, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना तो खाली गाडला होता. रात्रभर सायकलची ट्यूब गुंडाळून पाइप दाबत बसलो. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

अमळनेर

आमचा पाइप फुटला हे आम्हाला पाणी दिसून नाही, वासाने कळलं. नळाला चार दिवसांआड पाणी. आलं की पहिली दहा मिनिटं गढूळ, जरा गटारीसारखा वास, नंतर स्वच्छ. आम्ही "पहिलं पाणी सोडून द्यायचं" एवढंच करत राहिलो. जूनमध्ये धाकटीला जुलाब सुरू झाले आणि थांबेचनात, तेव्हा डोळे उघडले.

आरोग्यसेविका ताई आल्या, त्यांनी ओटी टेस्टचे थेंब टाकले. क्लोरिन असलं की पाणी पिवळं होतं. शेजाऱ्यांचं झालं, आमचं पांढरंच. लाइन एक, पाणी एक, म्हणजे खोट आमच्या कनेक्शनमध्ये. खणलं तर नळाचा पाइप गटारीच्या कडेने गेलेला आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीने त्याचा एल्बो (वळणावरचा जोड) ओढून तडकवलेला. पाणी चालू असताना ते तडीतून बाहेर जायचं. बंद झालं आणि लाइन रिकामी होऊ लागली की तीच तड भोवतालचं घाण पाणी आत ओढून घ्यायची. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. आम्हीही लावायचो, आता खोटं कशाला बोलू.

पाइप बदलला, गटारीपासून लांब आणि गटारीपेक्षा वरून नेला. पाणी अजून उकळूनच पितो, भीती गेलेली नाही.

चाळीसगाव, तीस वर्षं हेच काम करतो

वहिनी, तुमचा संशय सांगू? मे आणि मृगाचा पाऊस. माझे निम्मे फोन त्या सहा आठवड्यांतले. उन्हाळ्यात माती आकसते, पाइपाखालून सरकते, पाइप अधांतरी राहतो. पहिला जोराचा पाऊस भेगांतून थेट खाली जातो, माती फुगते आणि त्याच पाइपाला खालून ढुशी देते. घर पायावर घट्ट, अंगण हलतं, मध्ये पाइप. म्हणून तो जोत्याजवळच मोडतो. मी आता लोकांना विचारतही नाही, तिथेच कुदळ घालतो.

लोक चूक काय करतात? पाइप भिंतीत सिमेंटने गच्च चिणतात. तिथे मोठ्या पाइपाचा तुकडा बसवायचा आणि आपला पाइप त्यातून मोकळा न्यायचा, म्हणजे दोन बोटं हलायला जागा राहते. भिंतीबाहेरचा पहिला जोड सोल्युशनने चिकटवलेला नको, रबर रिंगचा हवा. खाली चार इंच वाळू, वरही वाळू. खणलेली काळी पुन्हा त्यात ढकलायची नाही. इथेच सगळे चिंगूसपणा करतात, कारण माती फुकट आणि वाळूचे पैसे. संडासच्या चार इंची पाइपाला उतार चाळीस फुटांना एक फूट धरा. काळीत सपाट टाकलेला पाइप वर्षभरात उलटा उतार घेतो.

आणि हात जोडून सांगतो, तुंबलं की ॲसिड ओतू नका. पाइप मोडलेला असेल तर ते मातीत जातं आणि खणताना आमच्या हातावर येतं. माझ्या पोराची दोन बोटं भाजली आहेत.

चोपडा

आमचा महिना जुलै. पाइप शाबूत, मैलाटाकी शाबूत, तरी अंगणात घाण. टाकीचं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि शोषखड्डा काळीत आहे. उन्हाळ्यात भेगांतून पाणी भराभर मुरतं, त्यामुळे वाटतं काय झकास खड्डा आहे! पावसाने माती फुगली, भेगा मिटल्या, की तीच जमीन मडक्यासारखी. पाणी जाणार कुठे? दर दोन वर्षांनी टँकर बोलावून टाकी उपसायचो, आठ दिवसांत पुन्हा भरायची. शेवटी बोअरवाल्याने सांगितलं की काळी फक्त नऊ फूट आहे, खाली मुरूम. शोषखड्डा मुरमात उतरवला, तेव्हापासून ठीक आहे. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर मात्र असं करू नका, मुरमातून ते सरळ पाण्यात जाईल.

एक गोष्ट. त्या गडबडीत एकाने "मी उतरतो, हजार द्या" म्हटलं होतं. वडिलांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. टाकीतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. 2013 च्या कायद्याने कुणाला असं उतरवणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी उतरवू नका.

शहादा

हसू नका. आमची जमिनीखालची प्लास्टिकची टाकी वर आली. दोन हजार लिटरची. ऑगस्टमध्ये धुवायची म्हणून रिकामी केली, रात्री मुसळधार पाऊस झाला, खड्डाभर पाणी साचलं आणि सकाळी टाकी होडीसारखी अर्धा हात वर! इनलेटचा पाइप तुटला तो वेगळाच. काळीत पाणी मुरत नाही, त्यामुळे खड्डा म्हणजे बादलीच झाला. आता टाकी उन्हाळ्यातच धुतो, आणि तेव्हाही पूर्ण रिकामी ठेवत नाही.

जळगाव, निवृत्त, तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवायचो

मुलांना एक प्रयोग दाखवायचो, घरीही जमेल. अंगणातली माती पूर्ण वाळवून, बारीक चाळून 10 ग्रॅम एका काचेच्या मोजनळीत पाण्यात टाका, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये. 24 तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. माझ्या स्वतःच्या परसातली माती पाण्यात दुपटीवर गेली. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज आहे, त्याच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि थर दूर सरकतात. कपाशीला ओल धरून ठेवणारा गुण तोच आणि चौकट वाकवणाराही तोच. हे सगळं वर्गात शिकवूनही माझ्या घराचा नळ 1994 साली जोत्यापाशीच तुटला, कारण बांधकाम चालू असताना मी परीक्षेच्या ड्युटीवर होतो.

फैजपूर

मोरीच्या पाण्यावर केळी लावणं आमच्याकडे घरोघरी. आजीची हौस. परसात कोपऱ्याला पाच बुंधे, बारा महिने पाणी. तो कोपरा बारा महिने ओला आणि फुगलेला, समोरचा कोपरा उन्हाळ्यात कोरडा आणि बसलेला. भिंतीला जिन्यासारखी तिरकी भेग गेली आणि त्या भिंतीतला पाइप दोनदा फुटला, दोन्हीदा मे महिन्यात. केळी काढायला आजी तयार नव्हती. मग मोरीचं पाणी पाइपाने पंधरा फूट लांब नेलं आणि केळी तिकडे हलवली. आजी आठ दिवस बोलली नाही. जोत्याभोवती तीन फूट फरशी करून घेतली, बाहेरच्या बाजूला उताराची. त्यानंतर पाइप फुटलेला नाही.

पारोळा

सगळं मातीवर ढकलू नका राव. आमच्या चेंबरमधून निंबाच्या मुळांची शेपटी निघाली, हातभर लांब. मातीने जोड उघडला असेल, पण पाइप भरला निंबाने. निंब तोडला नाही, सावली त्याचीच आहे. दर दिवाळीआधी चेंबर उघडून मुळं छाटतो.

पुन्हा मी, जळगाव

शहाद्याच्या दादांचं वाचून नणंद फोनवर इतकी हसली की ठसका लागला.

विचारलंत म्हणून सांगते, त्या दिवशी चौदा माणसांचं कसं केलं. शेजारच्या मावशींनी त्यांच्या संडासाची किल्लीच दिली, बायका-पोरं तिकडे, पुरुष मंडळी कोपऱ्यावरच्या चुलत दिरांकडे. भांडी अंगणात घासली. आखाजीचा झोका मात्र दिवसभर रिकामा राहिला नाही.

चाळीसगावच्या भाऊंनी सांगितलं तसंच केलं: भिंतीत मोठ्या पाइपाचा तुकडा, रबर रिंगचा जोड, खाली-वर वाळू. आमच्या नळवाल्या भाऊंना आधी पटेना, मग म्हणाले, करून पाहू. पेव्हर बसवण्याआधी मेन वॉलवर लोखंडी झाकणाचं चेंबर करून घेतलं आणि कुठे आहे ते मीटरच्या पेटीत आतून खडूने लिहून ठेवलं.

उरलेली काळी दारात ढिगाऱ्याने पडली होती. ती टाकायची कुठे, हा प्रश्न. ममुराबादकडचा एक ट्रॅक्टरवाला थांबला, मूठभर हातात घेऊन चुरली आणि म्हणाला, "ताई, हाई टाकतीस का? सोनं शे." दोन ट्रॉल्या भरून घेऊन गेला, भाडंही मागितलं नाही.