मदत हवी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ ला ४५ विभाजक कसे?

मंडळी, या आकड्याने डोकं खाल्लंय. गंमत म्हणून अवयव पाडायला घेतले आणि अडकलो. आधी एक्सेलमध्ये टाकला तर शेवटचे दोन अंक सरळ शून्य, म्हणजे एक्सेलच्या मते ही संख्या चक्क १०० ने भाग जाणारी! फॉरमॅट बदलला, सेल रुंद केला, ढिम्म फरक नाही. मग वही-पेन घेतलं.

अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जाणार हे नक्की, पण नंतर लक्षात आलं की हा तर १११११११११ चा (नऊ वेळा १) वर्ग आहे, म्हणून तेवढ्याचेच अवयव पाडले: ९ × ३७ × ३३३६६७. म्हणजे सुरुवातीच्या आकड्यात ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. प्रत्येक घातात १ मिळवून गुणाकार केला की विभाजक ५ × ३ × ३ = ४५. आता विभाजक तर जोडीने येतात ना, मग ४५ कसे, कुठेतरी माती खाल्लीय का?

आणि दुसरं, ३३३६६७ ही मूळ संख्या आहे असं ऑनलाइन टूल म्हणतंय पण मला स्वतः पटवून घ्यायचंय. वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे, तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत, ३१ पर्यंत भागून हात टेकले. शॉर्टकट आहे का?

प्रतिसाद १:
४५ बरोबर आहेत हो. १११११११११ ची जोडी कुणाशी लावणार? स्वतःशीच! पूर्ण वर्गाचे विभाजक कायम विषमच, ३६ चे मोजून बघा, ९ भरतील. एक्सेल १५ च अंक धरतं, तुमचे १७ आहेत. टेक्स्ट केलं तर नीट दिसेल पण गणित होणार नाही, पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) वापरा.

प्रतिसाद २:
१०६ वेळा कशाला भागताय! ३३३६६७ × ३ = १००१००१, आणि त्याला ९९९ ने गुणलं की नऊ वेळा ९. म्हणून ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव घ्या, १० च्या घातांना त्याने भागत गेलं तर बाकी १ पहिल्यांदा नवव्या घाताला येते (तिसऱ्यालाच आली असती तर १००१००१ ची बाकी १ + १ + १ = ३ झाली असती, म्हणजे तो अवयव ३ असता, आणि इथे अंकांची बेरीज २८, सो ३ बाद). आता फर्माचं छोटं प्रमेय लावा (मूळ अवयव p असेल तर १० च्या p − १ व्या घातालाही बाकी १ येते), म्हणून अवयवातून १ वजा केला की ९ ने भाग जायलाच हवा, शिवाय तो विषम, म्हणजे १८ ने. १९, ३७, ७३, १०९ अशा ५७७ पर्यंत फक्त १७ मूळ संख्या उरतात.

धागाकर्ता:
अरे भारीच! सतराच्या सतरा केल्या, एकानेही भाग गेला नाही. ३७ ला तर बाकी १ उरली, तिथे दोनदा भागून बघितलं 😅 ५७७ ला बाकी १६१.