अपग्रेडनंतर डीव्हीडी ड्राइव्ह दिसेना: नवा घ्यायचा की आहे तोच चालू करायचा?

गावभागकर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सांगलीत जो तो विंडोज ११ वर जायला लागलाय. अपग्रेड नीट होतं, सगळं चालतं, फक्त डीव्हीडी ड्राइव्ह 'धिस पीसी'मधून गायब. ट्रे उघडतो, दिवा लागतो, पण डिस्क टाकली तरी कॉम्प्युटरला पत्ताच नाही.

आमच्या गल्लीतल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांचं हेच झालं. त्यांच्याकडं गिऱ्हाइकांच्या लग्ना-मुंजींच्या डीव्हीडी कपाटभर आहेत. एका दुकानात दाखवलं, तर "ड्राइव्ह गेला, नवा टाका." नवा टाकला, तोही दिसेना. मग "मदरबोर्डचा प्रॉब्लेम असेल." न तपासता असं सांगणं मला अजिबात पटत नाही.

डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडून बघितलं, तर ड्राइव्हच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड ३९. काहींना १९, ३१ किंवा ४१ दिसतो. सीडी-डीव्हीडी राइट करायची जुनी सॉफ्टवेअर्स विंडोज आणि ड्राइव्हच्या मध्ये स्वतःचा छोटा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) घुसवतात, त्यालाच फिल्टर म्हणतात. त्याचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' या दोन नोंदींत असतं. अपग्रेडमध्ये नाव तसंच राहतं, पण तो ड्रायव्हर एकतर नाहीसा होतो किंवा नव्या विंडोजला चालत नाही. मग विंडोज ड्राइव्हच सुरू करत नाही.

आणि ही नोंद एका ड्राइव्हची नसते, सीडी-डीव्हीडीच्या अख्ख्या वर्गाची असते. म्हणून काकांचा नवा ड्राइव्हही तिथंच अडकला. यूएसबीचा आणला असता तरी तोही अडकला असता.

उपाय: रेगएडिट (रजिस्ट्री बदलायचा विंडोजमधलाच प्रोग्रॅम) उघडून एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास. तिथं ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी की (रजिस्ट्रीतला फोल्डर) शोधायची. आधी ती एक्स्पोर्ट करून ठेवायची, मग उजवीकडच्या त्या दोन नोंदी डिलीट करून रीस्टार्ट. काकांचे दोन्ही ड्राइव्ह लगेच दिसायला लागले, जुनासुद्धा.

माझं म्हणणं एवढंच, की आधी तपासा, तपासणीचे पैसे हक्कानं घ्या, पण चांगला ड्राइव्ह भंगारात काढायला लावू नका.

विश्रामबागचा दुकानदार

दादा, तुमची माहिती बरोबर आहे, पण रजिस्ट्रीचा उपाय असा सगळ्यांना सांगू नका. त्याच यादीत ४डी३६ई९६७ ने सुरू होणारी की आहे. ती हार्डडिस्कची. तिथंही 'अपर फिल्टर्स' असतं आणि त्यात 'पार्टएमजीआर' लिहिलेलं असतं. एखाद्यानं ५ च्या जागी ७ बघून ते डिलीट केलं, तर पुढच्या वेळी विंडोज चालूच होणार नाही. ९६बी म्हणजे कीबोर्ड, ९६एफ म्हणजे माउस. तिथली नोंद उडवली की दुरुस्त करायला हातात कीबोर्डही राहत नाही.

ड्राइव्हचंही वय बघा की ओ. लेन्स कमजोर झालेली असते. मी फिल्टर काढून दिले आणि आठवड्यानं ड्राइव्ह डिस्क वाचेनासा झाला, तर बोलणी मलाच खावी लागतात. नवा ड्राइव्ह दिला तर निदान वॉरंटी तरी असते. तपासणीचे पैसे मागितले तर "नुसतं बघायचे कसले पैसे?" म्हणून गिऱ्हाईक निघून जातं. तुम्ही म्हणताय तो हक्क आम्हाला द्यायला कुणी तयार नाही.

मिरजवाली

दुकानदार दादांची अडचण मला कळते. पण मग गिऱ्हाइकाला ते स्पष्ट सांगा ना. "दुरुस्त होईल, एवढे पैसे पडतील, पुढची खात्री नाही" असं सांगितलं तर माणूस स्वतः ठरवेल. "ड्राइव्ह गेला" हे तर खोटंच झालं.

ड्राइव्ह खरंच गेलाय का, हे रजिस्ट्रीला हात न लावताही कळतं. बायोसमध्ये (विंडोज चालू व्हायच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) ड्राइव्हचं नाव येतंय का बघायचं. येत असेल तर केबल आणि वीज ठीक. मग उबंटूच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टमच्या) पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करायचा, इन्स्टॉल न करता, आणि डिस्क टाकायची. तिथं वाचली तर ड्राइव्ह शाबूत आहे, दोष विंडोजमध्ये. नुसता ट्रे उघडतो यावरून वीज पोहोचतेय एवढंच कळतं.

कुपवाडकर

मला मुळात हा खटाटोपच चुकीचा वाटतो. अपग्रेड करू नका, कोरी विंडोज टाका. जुन्या सॉफ्टवेअरचा कचरा पुढं नेला की आज ड्राइव्ह, उद्या प्रिंटर. डेटा बाजूला काढायचा, फॉरमॅट मारायचं, विषय संपला. फॉरमॅटची तयारी नसेल, तर विंडोज ११ मध्ये रिकव्हरीतून १० दिवसांच्या आत मागं जाता येतं, ते करा.

गावभागकर

@कुपवाडकर, मागं जाऊन काय करणार? सपोर्ट संपलेल्या विंडोजवर? आणि फॉरमॅट तुम्हा-आम्हाला सोपं. काकांच्या कॉम्प्युटरवर अल्बम डिझाइनची सेटिंग्ज आहेत, डीटीपीचे जुने मराठी फॉन्ट आहेत, त्यातल्या अर्ध्या सॉफ्टवेअरच्या मूळ सीडीच सापडत नाहीत. दोन नोंदी काढून काम होत असताना अख्खं दुकान का रिकामं करायचं?

@दुकानदार, ९६७ चा इशारा फार महत्त्वाचा. लेन्सचं मान्य. पण म्हणूनच हे काम घरच्याघरी होण्यापेक्षा तुमच्यासारख्यानं करावं.

वाळव्याचा मास्तर

ड्राइव्हपेक्षा डिस्कची काळजी करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात आलं तेव्हा आमच्या डिस्का कागदी पाकिटांसकट भिजल्या. पाकीट ओढून काढलं की सीडीचा वरचा थर त्याला चिकटून येतो आणि डेटा त्याच्याबरोबर जातो. सीडीची चकाकी लेबलच्या लगेच खाली, नुसत्या लाखेच्या थराखाली असते. डीव्हीडीत ती दोन चकत्यांच्या मध्ये असते, म्हणून डीव्हीडी तगल्या. कागद पाण्यात भिजवून सोडवायचा, स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि मऊ कापडानं मधून कडेकडे पुसायचं, गोल गोल नाही.

तेव्हा माझं मत दोन्ही बाजूंच्या विरुद्ध आहे. ड्राइव्ह जुना का नवा यावर वाद घालत बसू नका. जो चालतोय त्यानं सगळ्या डिस्का हार्डडिस्कवर उतरवा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा, नदीपासून लांब.

मिरजवाली

मास्तर, उतरवायला आधी ड्राइव्ह दिसायला तर हवा! आणि यूएसबीचा नवा आणला तरी फिल्टर अडवणारच, हे वर आलंच आहे.

कुपवाडकर

यूएसबीचा मुद्दा मला माहीत नव्हता. तो पटला. फॉरमॅटवर मी ठाम आहे.

एक प्रश्न: मित्राकडं अपग्रेडनंतर ड्राइव्ह दिसतो, फायली दिसतात, पण लग्नाची डीव्हीडी लावली की व्हिडिओ चालत नाही. तिथंही फिल्टरच का?

विश्रामबागचा दुकानदार

नाही, तिथं रजिस्ट्रीला हात लावू नका. विंडोज ७ मध्ये डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय होती, विंडोज ८ पासून ती आपोआप येत नाही. व्हीएलसी हा फुकट व्हिडिओ प्लेयर टाका, चालेल.

@गावभागकर, मी कोड बघून फिल्टर काढून देईन, तीनशे रुपये घेईन आणि लेन्सची हमी देणार नाही, असं पावतीवर लिहून देईन. हे मान्य असेल त्यांना पाठवा. मात्र बर्निंगचं, म्हणजे डिस्क राइट करायचं, जुनं सॉफ्टवेअर त्यानंतर बंद पडू शकतं, त्याची नवी आवृत्ती टाकावी लागेल. जुनीच परत टाकली तर फिल्टर पुन्हा येऊन बसेल आणि पुन्हा हेच होईल. हे आधीच सांगून पाठवा म्हणजे नंतर दुकानात भांडण नको.