'ऑइलर'ला मराठीत काय म्हणता?

शाईचा_डाग: पहिल्या महायुद्धातल्या जहाजांवरचा एक लेख मराठीत करतेय. अडलंय 'ऑइलर'पाशी. जहाज अमेरिकी नौदलाचं, 'मॉमी', १९१६ साली सेवेत आलेलं. पुढच्या वर्षी अमेरिका युद्धात उतरली आणि विनाशिका आयर्लंडला, क्वीन्सटाउनला धाडायच्या ठरल्या. मध्ये तेल घेतल्याशिवाय अटलांटिक पार करणं त्यांना जड होतं. म्हणून मॉमीला ग्रीनलंडच्या दक्षिणेला ३०० मैलांवर ठेवलं. २८ मे १९१७ ला सहा विनाशिका आल्या, त्यांना चालता चालता तेल दिलं. जुलैच्या सुरुवातीपर्यंत अशा ३४ झाल्या. मी 'तेलवाहू जहाज' लिहिलं होतं, संपादकांनी 'टँकर' केलं. पण टँकर या बंदरातलं तेल त्या बंदरात नेतो, हिचं काम ते नव्हतंच. शिवाय 'मॉमीने भर समुद्रात इंधन भरले' हे वाक्य मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणते, "हिला कुणी दिलं?" सुचवा.

गजालीकर: ऑइलर जहाज नसतं हो, माणूस असतो! आमचे आजोबा बोटीवर तेलवाला होते. वर डेकवर सारंग, टिंडाल, कसाब. खाली इंजिनात आगवाला नि तेलवाला. आगवाला भट्टीत कोळसा मारणार, तेलवाला फिरत्या इंजिनाच्या सांध्यासांध्याला हातातल्या बुधलीनं तेल सोडणार, तेही इंजिन न थांबवता. आजोबांच्या नल्लीत, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीत, हुद्दा म्हणून 'ऑइलर' असाच शिक्का आहे. तेव्हा नुसतं 'ऑइलर' छापाल तर आमच्या गावात अर्थ भलताच होईल.

तत्सम_१: 'इंधनदायिनी'. प्रश्न मिटला. भर समुद्रात इंधन देणे = 'सागरी इंधनप्रदान'. कोण देतं, कोण घेतं, सगळं स्वच्छ.

बाराखडी: मिटला कसला? आरमार पोर्तुगीजांकडून आलं, जहाज अरबीतून, बंदर फारसीतून, नांगरसुद्धा फारसी 'लंगर'. तुमची इंधनदायिनी कुठल्या शुद्ध बंदरात उभी करणार?

तत्सम_१: सावरकरांनी 'महापौर' नि 'दिनांक' दिले तेव्हाही असेच हसले होते. आज तुम्ही अर्जावर दिनांकच लिहिता.

बाराखडी: लिहितो. बोलताना 'तारीख' म्हणतो.

माजी_नाविक: नौदलात होतो, म्हणून सांगतो. दीपक, शक्ती, ज्योती यांना आम्ही टँकरच म्हणायचो, 'फ्लीट टँकर'. संपादक अगदीच चुकलेले नाहीत. आणि भर समुद्रात तेल-रसद घेण्याला म्हणायचं 'रास'. 'रिप्लेनिशमेंट ॲट सी'ची इंग्रजी आद्याक्षरं आहेत. दोन जहाजं एका वेगानं शेजारी शेजारी चालवायची, मधलं पाणी उसळत असतं, आधी बारीक दोरी फेकायची, मग जाड दोर, मग होज. सुकाणूवरच्या पोराला त्या वेळी कुणी हाक मारायची नाही. मी घरी पत्रात लिहिलं, "उद्या दिवसभर रास आहे." आईनं उलट टपाली विचारलं, तुमच्याकडे खळं कुठून आलं?

गव्हाची_लोंबी: वा! पण विचार करा, खळ्यावर धान्याची रास, तीच पुढे रसद. मूळ एकच असणार.

बाराखडी: रास संस्कृत 'राशी'वरून. रसद फारसी. आणि नाविकांची रास इंग्रजी. तीन गावची माणसं एका एसटीत बसली म्हणून भाऊ होत नाहीत.

टाकंवेडा: मुळात 'टँकर'ला परकं का म्हणताय? 'टँक' आपल्याच 'टाक्या'वरून गेलाय. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, इंग्रजांनी हिंदुस्थानात येऊन शब्द उचलला. मराठी-गुजराती मूळ इंग्रजी कोशांतही दिलेलं असतं.

तत्सम_१: त्याच कोशांत पोर्तुगीज 'टँके'ही दिलेला असतो. तेवढी ओळ बरी गाळलीत! आणि टाकं इतकं जुनं असेल तर कान्हेरीच्या लेण्यांत दानाचे लेख कोरणाऱ्यांनी पाण्याच्या टाक्याला 'पोढी' का लिहिलं?

टाकंवेडा: पोढी प्राकृत. लोक टाकंच म्हणत असणार.

तत्सम_१: 'असणार' हा पुरावा नाही.

उस्मानाबादी: तुम्ही मुळं खणा. आमच्याकडे टँकर म्हटलं की एकच चित्र, एप्रिल-मे आणि हंड्यांची रांग. ३०० मैलांवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याची तहान भागवणारी ही बया आम्हाला टँकरच वाटेल, आणि ते चुकीचं नाही.

गजालीकर: त्या मॉमीवर मुख्य इंजिनिअर नि दोन नंबरचा अधिकारी कोण होता माहितीये? निमित्झ! दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकचं अमेरिकी आरमार ज्याच्या हाती होतं तो. मॉमीला डिझेल इंजिनं होती, तेव्हाच्या मानानं नवलाईच. पाहुण्यांना ती चालती दाखवताना त्याचा हातमोजा दातेरी चाकात गेला. अनामिकेचा तुकडा गेला, पण बोटातल्या अंगठीवर चाक अडलं म्हणून हात राहिला. आजोबा म्हणायचे, इंजिनाजवळ सैल काही घालू नये, बाहीसुद्धा वर सारावी. तेलवाल्याला हे पहिल्याच दिवशी कळतं, साहेबाला उशिरा.

शाईचा_डाग: हे लेखात घेतेच. पण मथळ्यात काय लिहू? 'तेलपुरवठा जहाज' चालेल का? पानं परवा जायचीत.

माजी_नाविक: चालेल. पण ती डिझेलं पुढे काढून वाफेची इंजिनं बसवली नि १९४२ ला तिला पुन्हा कामाला जुंपलं, हेही लिहा. १९४६ मध्ये चीनला दिली, तिथे नाव 'ओमेई'.

तत्सम_१: 'पुरवठा' मराठीच आहे ना? की तोही कुठून आणलाय?

बाराखडी: पुरवणे, पुरवठा. घरचाच. मात्र 'तेलपुरवठा' एकत्र लिहिलात तर 'तेल पुरवठा खाते' आठवतं. रेशनकार्ड घेऊन उभं राहावंसं वाटतं.

गव्हाची_लोंबी: ते राहू द्या, 'मॉमी' हा उच्चार कुणी ठरवला? नाव ओहायोतल्या नदीचं आहे. जोर शेवटच्या अक्षरावर हवा. मराठीत छापलंत तर लोक 'मम्मी' वाचतील.

टाकंवेडा: वाचू देत, पाजतेच आहे की. पण तत्सम_१, पोढीचं अजून संपलेलं नाही. जुन्नरच्या लेण्यांकडे या एकदा, तिथे गुराख्याला विचारू पाण्याच्या टाक्याला काय म्हणतो.

तत्सम_१: गुराख्याला २,००० वर्षांपूर्वीचं विचारणार?