जुळे सोलापुरातल्या जुन्या फ्लॅटची दलाली : कधी द्यायची, लेखी काय घ्यायचं?

मदत हवी आहे. जुळे सोलापुरात रीसेल फ्लॅट घेतोय, किंमत ४५ लाख. एजंट दोन्ही बाजूंकडून २-२ टक्के मागतो. म्हणजे आमचे ९०,०००, वर १८ टक्के जीएसटी १६,२००, एकूण १,०६,२००. जीएसटी लावायचा तर बिलावर त्याचा नंबर हवाच, तो अजून दिलेला नाही. दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही, त्यामुळे घासाघीस करता येते हे माहीत आहे.

खरी अडचण पुढे आहे. त्याला निम्मी रक्कम साठेखतालाच, म्हणजे खरेदीखताआधीच्या कराराच्या वेळीच हवी. पण बँकेचं कर्ज नामंजूर झालं किंवा टायटल सर्चमध्ये (मालकीच्या कागदांच्या तपासणीत) फ्लॅटवर जुना बोजा, म्हणजे आधीचं न फिटलेलं कर्ज वगैरे निघालं, तर व्यवहार मोडतो आणि दिलेली दलाली परत मिळवणं अवघड जातं. माझ्या मते इसाराला फार तर १०,००० आणि बाकी खरेदीखताची नोंदणी झाल्यावर, तेही चेकने.

सोलापुरात सध्या एका बाजूची दलाली किती घेतात? ‘व्यवहार मोडल्यास दलाली परत’ असं कुणी स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय का? मजकूर कृपया टाका. विकणाऱ्यांनाही पावती लागेल, कारण भांडवली नफ्यातून दलाली वजा होते.