पोकर: रिव्हरला (टेबलावरच्या पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) अठ्ठी जुळली की आपणच लीड करायचं (आधी बेट लावायची)

काही जण म्हणतात की बिग ब्लाइंडमधून (पत्ते वाटण्याआधी सक्तीची मोठी बेट लावणाऱ्या जागेवरून) रिव्हरला कायम चेकच करावं, म्हणजे बेट न लावता पुढच्याला संधी द्यावी; मला हे अजिबात पटत नाही. समजा फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते) राजा-अठ्ठी-पंजी, टर्नला (चौथ्या पत्त्याला) दुरी, बटणवाल्याच्या (सगळ्यात शेवटी खेळणाऱ्याच्या) दोन्ही बेट आपण कॉल केल्या (तेवढेच पैसे लावले) आणि रिव्हरला परत अठ्ठी आली, तर अठ्ठीवाले हात आपल्याकडेच जास्त असतात ना, आणि चेक केलं तर तो एक्का-राजा घेऊनही बरेचदा घाबरून चेक बॅक करतो (तोही बेट लावत नाही), म्हणजे आपल्या ट्रिप्सचे (तीन अठ्ठ्यांचे) पैसे गेले! पॉट (मधे जमलेले पैसे) ६० बीबी (बिग ब्लाइंडच्या ६० पट) असेल तर सरळ ४५ मारा. त्याला कॉलला ३० टक्के इक्विटी (जिंकण्याची शक्यता) लागते, म्हणून सलग पाच पत्ते जमायचे हुकलेल्या सत्ती-छक्कीचे थोडे ब्लफही हवेतच. रिव्हरला अठ्ठीऐवजी राजाच पेअर झाला तर मात्र लीड नको, तगडे राजे (राजासोबत दुसरा मोठा पत्ता असलेले हात) त्याच्याकडे जास्त.