ज्ञानेश्वरी-वाचनाची धुरा अंगावर आली आहे. धुरा कशी वाहावी याविषयी ग्रंथ नेमके काय सांगतात?

खारीगावचा टाळकरी

नमस्कार मंडळी. कळव्याला खारीगाव भागात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरील सभागृहात दर गुरुवारी रात्री साडेआठला ज्ञानेश्वरीचे वाचन होते. गेली १९ वर्षे हे वाचन एका निवृत्त शिक्षकांनी एकहाती चालवले. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. गुडघ्यांमुळे त्यांना आता मांडी घालून बसवत नाही आणि बारीक टाइपही नीट दिसत नाही, म्हणून दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी त्यांनी तांबड्या रुमालात बांधलेली पोथी काही न बोलता माझ्यापुढे सरकवली. त्या दिवसापासून वाचन माझ्याकडे आले.

पुढे जे झाले त्यात चूक माझीच आहे. मी ऐरोलीला एका कंपनीत काम करतो आणि तिथे जसे काम चालवतो तसेच मी हेही चालवायला घेतले. दर गुरुवारी ४० ओव्या, शेवटची पंधरा मिनिटे शंकांसाठी, व्हॉट्सॲप गटावर हजेरीचा तक्ता आणि उशिरा येणाऱ्यांसाठी सूचना अशी सगळी आखणी झाली. मागच्या रांगेत बसणाऱ्या आजी मंडळी एकाच ओवीचा अर्थ दोनतीनदा विचारतात. गुरुजी दरवेळी मागे जाऊन ती ओवी पुन्हा सांगायचे. मी "पुढच्या वेळी बघू" म्हणून पान उलटत राहिलो. अडीच महिन्यांत २२ जणांचे ११ जण उरले. त्यांतल्या एक आजी बाजारात भेटल्या तेव्हा मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "बाबा, तू वाचतोस छान, पण आम्ही मागे राहतो."

माझा प्रश्न असा आहे की चार माणसांना परमार्थाच्या वाटेवर सोबत कसे न्यावे, याविषयी आपल्या ग्रंथांत थेट मार्गदर्शन कुठे आहे? प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर गीतेचा एक श्लोक चिकटवलेली व्यवस्थापनाची पुस्तके कृपया सुचवू नयेत, ती माझ्याकडे चार आहेत.

नौपाड्यातील वाचक

तुमच्या आजींनी जे म्हटले त्याचे उत्तर तुमच्या मांडीवरच्या पोथीत, तिसऱ्या अध्यायात आहे, आणि त्यांनी जवळपास माउलींचाच दृष्टांत वापरला आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील २१वा श्लोक, "यद्यदाचरति श्रेष्ठः", बहुतेकांना पाठ असतो आणि बहुतेकदा तो मोठ्या माणसाचा अधिकार सांगण्यासाठी वापरला जातो. श्लोक मात्र श्रेष्ठ माणूस काय सांगतो याबद्दल बोलतच नाही, तो काय आचरतो याबद्दल बोलतो. लगेच पुढच्या दोन श्लोकांत श्रीकृष्ण स्वतःचेच उदाहरण देतात की तिन्ही लोकांत मला मिळवायचे असे काहीही उरलेले नाही, तरी मी कर्म करतोच, कारण मी थांबलो तर लोक माझ्याच वाटेने जातील. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात ज्या लोकसंग्रहावर, म्हणजे लोकांना धरून सन्मार्गाला लावण्यावर, एवढा भर दिला, त्याचा उगम याच श्लोकांच्या परिसरात आहे.

या श्लोकाकडे येण्यापूर्वी ज्ञानेश्वरांनी एक ओवी ठेवली आहे:

मार्गीं अंधासरिसा । पुढें देखणाही चाले जैसा ।
अज्ञाना प्रकटावा धर्मु तैसा । आचरोनी ॥

'अंधासरिसा' या शब्दापाशी थोडे थांबावे, अशी विनंती आहे. डोळस माणूस पुढे आहे हे खरे, पण तो चालतो आंधळ्याच्या सोबतीने, त्याच्या पावलाला पाऊल जुळवून. त्याला वाट दिसते, म्हणून तो झपाझप पुढे जाऊ शकतो. पण तो तसा गेला तर मागच्याला वाट दाखवणारा कुणीच उरत नाही. मग त्याचे डोळस असणे त्याच्यापुरतेच राहते. म्हणजे ज्याला दिसते, त्याने आपला वेग मुद्दाम आवरायचा आहे, आणि हा आवरलेला वेग हाच त्याच्या अधिकाराचा पुरावा ठरतो. पुढच्याच ओवीत माउली विचारतात की असे केले नाही, तर बिचाऱ्या अज्ञानांना हा मार्ग कळावा तरी कसा.

याच अध्यायातील २६वा श्लोकही वाचावा. आपल्याला अधिक कळते म्हणून इतरांचा बुद्धिभेद करू नये, स्वतः नीट आचरण करून त्यांच्याकडूनही करवून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. तुमच्या हजेरीच्या तक्त्याने नेमका हाच भेद केला असावा, असे मला वाटते. ज्या आजी १९ वर्षे श्रोत्या होत्या, त्या एका रात्रीत 'गैरहजर' झाल्या.

टेंभीनाका

मी बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू आहे, घरात मराठीच बोलली जाते आणि ठाण्यातील १८७९ सालच्या आमच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) लहानपणापासून जात आलो आहे. परक्या ग्रंथातले दाखले दिलेले चालतील, असे गृहीत धरून लिहितो. मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या पूर्वजांनी आमच्याच ग्रंथांतील चरित्रांवर मराठी कीर्तने रचली होती, त्यामुळे हे अंतर वाटते तितके मोठे नाही.

तोरा या आमच्या मुख्य धर्मग्रंथातील मोशे हा आमचा सर्वांत मोठा पुढारी, आणि ग्रंथ त्याच्या चुका मुळीच लपवत नाही. तोरातील निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात त्याचा सासरा इथ्रो भेटायला येतो आणि पाहतो तो काय, मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाड्याला बसला आहे आणि लोक रांगेत ताटकळत उभे आहेत. इथ्रो स्पष्ट सांगतो की हे चांगले नाही, अशाने तू थकून जाशील आणि तुझ्याबरोबर हे लोकही थकतील. त्यातले 'हे लोकही' मला फार मोलाचे वाटते. एकट्याने सगळे ओढणारा माणूस स्वतः झिजतो हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच्यापायी बाकीचेही झिजतात, हे सांगायला बाहेरून आलेला सासराच लागला. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमली गेली.

दुसरा प्रसंग गणना या पुस्तकाच्या २०व्या अध्यायातला आहे आणि तो तुमच्या स्थितीच्या अधिक जवळचा आहे. लोक पाण्यासाठी कुरकुरत असतात. खडकाशी बोल, अशी देवाची आज्ञा असते. मोशे मात्र लोकांना "बंडखोरांनो" म्हणून फटकारतो आणि काठीने खडकावर दोनदा प्रहार करतो. पाणी येते, भरपूर येते. तरीही त्याला सांगितले जाते की वचनदत्त देशात या लोकांना तू नेणार नाहीस. हा अपराध नेमका कोणता, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. मैमोनिदीस हे मध्ययुगीन ज्यू पंडित मात्र त्याचा राग हेच कारण धरतात. पाणी आले म्हणजे काम फत्ते झाले, असे ग्रंथ मानत नाही. ४० ओव्या पूर्ण झाल्या म्हणजे वाचन झाले असेही नसावे.

शेवटचा दाखला वारसाचा आहे. मोशेनंतर पुढारी होणाऱ्या यहोशवावर तुझा हात ठेव, असे देव मोशेला सांगतो. काही ओव्यांनंतर (आमच्याकडे वचने म्हणतात, पण असो) मोशेने त्याच्यावर आपले दोन्ही हात ठेवले असे लिहिले आहे. एक हात सांगितला असताना त्याने दोन ठेवले, याकडे राशी या भाष्यकाराने लक्ष वेधले आहे: द्यायचे ते त्याने हात राखून दिले नाही. तुमच्या गुरुजींनी पोथी न बोलता सरकवली, हे वाचताना मला ते दोन हात आठवले.

घणसोली गावठाण

माउली, वरच्या दोघांनी ग्रंथ सांगितला, मी सप्ताह सांगतो.

आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहाऱ्याची पाळी संपली की पुढचा पहारेकरी समोर येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पहाटे तीनच्या पाळीला आमच्याकडे कधी रिक्षाचालक असतो, कधी बारावीला बसलेला मुलगा. मंडपात येणारा प्रत्येक जण, मग तो गावचा कितीही मोठा माणूस असो, आधी त्या वीणेकऱ्याच्या पायांवर डोके ठेवतो. तो नमस्कार वीणेला असतो हे त्या मुलालाही ठाऊक असते, आणि वीणा उतरवल्यावर तोच मुलगा पंगतीत पत्रावळी वाढायला लागतो. इतक्या वर्षांत मला तरी पुढारीपणाची याहून चांगली शिकवणी मिळालेली नाही.

दुसरी गोष्ट पालखीतली. हैबतबाबा आरफळकरांनी शिस्त लावून दिलेल्या माउलींच्या सोहळ्यात मुक्कामावर समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असते ती मात्र टाळ वाजवत राहते. तो आवाज कुणी दाबत नाही. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, तक्रार ऐकतात, तिचा निवाडा होतो, आणि मगच सगळे शांत होते. तुमच्या आजी मंडळींनी टाळ वाजवला नाही, त्या उठून गेल्या. म्हणजे तक्रार करायला जागाच नव्हती, असे मी समजतो.

राहता राहिला मान. हल्ली सप्ताह जवळ आला की नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात आणि त्यांवर विठ्ठलापेक्षा निमंत्रकांचे चेहरे मोठे असतात. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणे, सांगताना माउली म्हणतात, "पूज्यता डोळां न देखावी । स्वकीर्ती कानीं नायकावी". आपली पूजा होताना डोळ्यांनी पाहू नये आणि आपली कीर्ती कानांनी ऐकू नये. हे वाक्य फ्लेक्सवर छापावे असे मी एकदा सुचवले होते. त्याखाली कुणाचा फोटो टाकायचा यावर चर्चा अडली.

समासवाचक, वाशी

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कटू वाटल्यास क्षमस्व.

हळू चाला, मागच्यांना सांभाळा, मान घेऊ नका, हे सगळे योग्यच आहे. पण १९ वर्षे एकाच माणसाने वाचन केले आणि त्या काळात दुसरा एकही वाचक तयार झाला नाही, याकडे कुणी लक्ष दिलेले दिसत नाही. गुरुजींविषयी पूर्ण आदर ठेवून मी हे लिहिते आहे. समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकाच्या दहाव्या समासात काय सांगितले आहे ते पाहा:

महंतें महंत करावे । युक्तिबुद्धीनें भरावे ।
जाणते करून विखरावे । नाना देसीं ॥

महंताचे काम श्रोते जमवण्यापाशी संपत नाही, त्याने महंत घडवायचे आहेत आणि घडवून झाल्यावर त्यांना जवळ न ठेवता विखरायचे आहे. आपल्याभोवती दाटलेली गर्दी पाहून सुखावणाऱ्याला ही ओवी पचणे कठीण आहे. गुरुजींनी पोथी दिली, पण ती कशी चालवावी हे दाखवायला दोनचार गुरुवार शेजारी बसवून घेतले असते, तर तुम्हाला ऐरोलीची रीत खारीगावला न्यावी लागली नसती. टेंभीनाका यांनी दोन हातांचा दाखला दिला, मला मात्र इथे एकच हात दिसतो.

शिस्त अगदीच सोडू नये, असेही सुचवते. शिष्याला साधनाला न लावणाऱ्या, त्याचे इंद्रियदमन न करवणाऱ्या गुरूंबद्दल समर्थ पाचव्या दशकात म्हणतात की असे गुरू आडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत. आडका म्हणजे अगदी किरकोळ नाणे. सगळ्यांना बरे वाटावे म्हणून केवळ गोड गोड वाचत बसणाऱ्यावरही हा बोल येतो. तक्ता काढा, साडेआठची वेळ मात्र ठेवा.

खारीगावचा टाळकरी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मध्ये एक गुरुवार जाऊ द्यायचा होता.

समासवाचक ताई, तुमचे म्हणणे मला आधी लागले, मग पटले, आणि थोड्या धास्तीने मी ते गुरुजींनाही वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरोबर आहे. मला वाटायचे, कुणी मागितली तर देऊ. कुणी मागितली नाही आणि मीही विचारले नाही." पुढच्या गुरुवारपासून ते माझ्या शेजारी खुर्चीवर बसणार आहेत आणि मी वाचत असताना मध्ये थांबवणार आहेत.

हजेरीचा तक्ता गटावरून काढून टाकला आणि ज्या आजी बाजारात भेटल्या होत्या त्यांच्या घरी जाऊन आलो. या गुरुवारी १४ जण होते. त्या आजींना पहिली ओवी म्हणायला सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा पर्समधून काढलाच नाही, पोथीही उघडली नाही. अमानित्वाच्या ११ ओव्या एका दमात तोंडपाठ म्हटल्या आणि मग मलाच एका ओवीचा अर्थ विचारला. तो मला नीट सांगता आला नाही. त्यावरच बाकीचा सगळा वेळ गेला, आणि ताई, सभागृहाचे दिवे ठरल्या वेळी दहाला मालवले.

तेराव्या अध्यायात अकराशेहून अधिक ओव्या आहेत. आठवड्याला ११ धरल्या तरी हा एकच अध्याय दोन वर्षे चालेल. आळीपाळीने वाचायला आणखी दोघे तयार झाले आहेत, त्यांतला एक अकरावीत आहे. मोठ्या टाइपातील, घडीच्या स्टँडवर नीट उघडी राहणारी ज्ञानेश्वरीची प्रत ठाण्यात कुठे मिळेल, हे कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.